सगळे इथलेच

स्थलांतराचा धडा आला की मी वर्गात विचारायचे, ‘तुमच्या घरात बाहेरून येऊन राहिलेलं कोण आहे?’ बुऱ्हाणपुरातल्या लालबागच्या आमच्या शाळेत कागद कारखान्यातल्या नोकरदारांची दोन-चार मुलं हात वर करत. बाकीची छाती काढून सांगत, ‘मॅडम, हमारे यहाँ कोई नहीं. आम्ही तर सगळे इथलेच!’

‘आणि आई?’

कुणाची आई जळगावची, कुणाची अकोल्याची, पण ती ‘आलेली’ आहे हे कुणाच्या ध्यानातच नसायचं. आपल्या देशात गाव सोडणाऱ्यांत बायकाच जास्त आणि त्याही लग्नापायी, हे पुस्तकात छापलेलं असूनसुद्धा! मग मी फळ्यावर दोन बाण काढायचे, एक माणसाला गावातून ढकलणारा, दुसरा दुसरीकडे ओढणारा. एकदा एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, शादी में कौन सा वाला?’

‘तिथे बाण नसतो, वरात असते,’ मी म्हणाले. वर्ग खो खो हसला.

मी स्वतः पुण्याहून वरातीतूनच बुऱ्हाणपूरला आले. सुरुवातीला ‘आमच्याकडे’ म्हणजे पुणं असायचं. ते बुऱ्हाणपूर कधी झालं, कळलंच नाही. पुढे वहिनी मला ‘एमपीवाली’ म्हणून चिडवायला लागली, तेव्हा मी मुळीच चिडले नाही.

मी निवृत्त झाले आणि पुण्यातल्या मुलाने मोठा फ्लॅट घेतला. ‘आता इकडेच या,’ त्याचा फोन आला तेव्हा आम्ही दोघं नदीकाठी राजघाटावर बसलो होतो. यांनी जन्मात दुसऱ्या गावी बिऱ्हाड केलेलं नाही, पण मला न विचारता दोघांचा होकार देऊन मोकळे! वर मला म्हणतात, ‘तुला तर मजाच आहे. तू तर आपल्या घरीच चालली.’

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ‘अहो, माझं घर इथे आहे. एकदा सोडलंय मी घर, ते काय असतं मला ठाऊक आहे. तुम्हाला हौस असेल तर खुशाल जा. मी येणार नाही.’

हेही हट्टाचे. गेले. मी गावभर ताठ मानेने फिरले, पण रोज संध्याकाळी एकटीचा चहा टाकताना धास्ती वाटायची, हे तिथेच रमले तर?

दिवाळीच्या आधी एका दुपारी दारात रिक्षा थांबली. बॅग ओट्यावर ठेवून हे खाली बसले. मुलगा-सून चांगले वागले, कशाची ददात नव्हती, असं स्वतःहूनच सांगितलं. ‘पण सकाळी उठलं की समजायचंच नाही, कुठं जायचं, कोणाशी बोलायचं.’

मी पाणी दिलं. त्यांनी तांब्या रिकामा केला. मग हळूच म्हणाले, ‘तू नवी आली होती, तेव्हा कशी राहिली गं?’

लग्नाला इतकी वर्षं झाली, हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मी त्यांच्या शेजारी बसले आणि पहिल्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली.