अक्कांचं मनगट

अक्कांनी उभ्या आयुष्यात कुणाला चांगलं म्हटल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या बोळात त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या मोटारीत नवी तार भरता भरता त्या गिऱ्हाइकाची अक्कल काढत. "कुनी बांधली ही? डोळं मिटून बांधली का?" हा त्यांचा नमस्कार. माहेर अक्कलकोटचं, त्यामुळे नकार कानडीत यायचा: "बेड." नको, एवढाच त्याचा अर्थ, पण अक्कांच्या तोंडून तो आला की माणूस वस्तूसकट नापास व्हायचा.

निवृत्तीनंतर मला फिरत्या घराचं खूळ लागलं. जुनी ट्रॅव्हलर गाडी घेतली, आत पलंग, शेगडी आणि मधुमेही बायकोच्या इन्शुलिनसाठी छोटा फ्रिज बसवला. खाली लिथियमची बॅटरी. ती फार उतरली तर बिघडते, म्हणून वेळीच तिची जोडणी तोडणारा रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, लागतो. तो निवडायला मी पाचसहा व्हिडिओ पाहिले आणि स्वतःला इंजिनिअर समजू लागलो. जन्मभर कारकुनी केलेल्या माणसाला एवढं पुरतं. सगळ्यांत मोठा, सगळ्यांत जड, चालू होताना 'खट्ट' असा रुबाबदार आवाज करणारा रिले मी मागवला आणि ऐटीत अक्कांपुढे ठेवला.

अक्कांची परीक्षा ठरलेली. रिले बॅटरीला जोडायचा, सुती पट्टीनं मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायचा आणि आपलं काम करत राहायचं. पंधरा मिनिटांनी त्यांनी पट्टी सोडली.

"तापला. बेड."

"अहो अक्का, किती दणकट आहे बघा तरी!"

"असू दे की. नुसता बसून करंट खातोय त्यो. दाराला कडी लावल्यावर मानूस दार धरून उभा ऱ्हातो का, सायेब? कडीवानी एकदा बसला की गप ऱ्हानारा रिले घ्या. त्याला बसून ऱ्हायला करंट लागत न्हाय."

मला राग आला. बोळातल्या बाईनं आम्हाला शिकवावं? मी दुसरीकडे जाऊन तोच रिले बसवून घेतला.

गाडी दोन महिने दारात उभी राहिली आणि तेवढे दिवस रिले बॅटरी पीत राहिला; तळाशी थोडीच उरली होती, हे मी पाहिलंच नाही. एप्रिलात मेहुण्याकडच्या लग्नाला आम्ही माढ्याला गेलो. मेहुणा म्हणाला, "दाजी, औषध घरातल्या फ्रिजात ठिवा की." मी सगळ्यांदेखत सांगितलं, "आमच्या गाडीत फ्रिज आहे!" लग्न उरकून संध्याकाळी गाडीत आलो, तर बॅटरी संपलेली, फ्रिज बंद आणि इन्शुलिनची बाटली हाताला गरम. "चालतंय, एवढ्यानं काही होत नाही," मी बायकोला म्हणालो. पाहुण्यांत हसं होईल, ही मला भीती. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला आणि दोन दिवस तेच टोचून घेतलं. उन्हानं निकामी झालेल्या औषधानं साखर भडकली आणि तिसऱ्या दिवशी उलट्या करत ती सोलापूरच्या दवाखान्यात दाखल झाली. मूर्खपणा माझा, सलाईन तिला.

ती वाचली. तो रिले घेऊन मी अक्कांकडे गेलो, शिव्या खायच्या तयारीनं. खरं तर मला त्या हव्याच होत्या. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "बाई जेवत्यात का आता?" मग खणातून कडीसारखा बसणारा रिले काढला, मनगटाला बांधून पाहिला आणि माझ्याकडे सरकवला. घरी येऊन मी रडलो.

गेल्या वर्षी अक्का दुकान बंद करून अक्कलकोटला लेकाकडे गेल्या. परवा भेटायला गेलो, तेव्हा मुद्दाम एक तापणारा रिले बरोबर नेला. मला त्याची गरज नव्हती. त्यांच्याकडून नापास होऊन फार दिवस झाले होते, एवढंच. लेकाच्या मोटारसायकलच्या बॅटरीला जोडून मी तो त्यांच्या मनगटावर बांधला. अक्का थकल्या होत्या, पण लेकाच्या गाडीला, सुनेच्या मिक्सरला आणि माझ्या पोटाला नावं ठेवण्याइतकी ताकद होती. पंधरा मिनिटं झाली. रिले माझ्या बोटांना चांगलाच चटका देत होता.

"थंडगार हाय," अक्का म्हणाल्या. "लई चांगला निवडला, सायेब."

मी घाईनं पट्टी सोडली. खालची कातडी लाल झाली होती.

"तुम्हीच शिकवलं की, अक्का," मी म्हणालो.