कळ सोसणारी शालन

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. अक्षर वाकडंतिकडं येतं, ऱ्हस्व-दीर्घ तर कधीच जमलं नाही, तेवढं सांभाळून घ्यावं. शालनच्या शाळेतल्या मुली त्यांच्या वार्षिक अंकासाठी मागे लागल्या, "काकू, मॅडमवर तुमीच लिवा." चार माणसांत माझं तोंड उघडत नाही, म्हणून लिहून बघते. अंकाला देईन की ट्रंकेत ठेवीन, ते नंतर बघू.

शालन माझी धाकटी नणंद. ती गेली त्याच्या आदल्या दुपारी पुण्याच्या दवाखान्यात मी तिच्या पायांना तेल लावत होते. एके काळी त्या पोटऱ्या दगडासारख्या टणक होत्या, आता कातडी नुसती हाडावरून सरकत होती. माझा हात हलका पडत होता. डोळे मिटूनच ती म्हणाली, "वयनी, जोर लाव की. भाकरी खाल्ली न्हाईस का?" मी हसले, तीही थोडी हसली... संध्याकाळच्या एसटीनं मी गावी, बोरीला परत आले. सकाळी अंगणात सडा टाकत होते, तर मालक फोन ठेवून दारात येऊन उभे राहिले. मी बादली खाली ठेवली.

मी लग्न होऊन आले तेव्हा ती फ्रॉकमधली पोर होती. विहिरीवर, रानात, दुकानात, कुठंही जायचं तर पळतच. पुढं जुन्नरला कॉलेजात गेली आणि खेळाच्या सरांच्या नजरेत भरली. सर एक दिवस घरी आले. पहाटे पळायला सोडा, मोड आलेली मटकी, शेंगदाणे-गूळ, दूध द्या, वेळेवर झोपू द्या, असं आण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सांगू लागले. आण्णा मिशीत हसले.

"मास्तर, पोरगी हाय का गाड्याचा बैल? खुराक कसला लावताय?"

"आण्णा, घाटात उतरवायच्या आधी बैलाला तुमी नुसती वैरण घालता का?"

आमच्याकडे जत्रेत बैलगाड्यांच्या शर्यती होतात, त्या जागेला घाट म्हणतात. आण्णांचा त्यात जीव. सरांचं बोलणं बरोबर जागी लागलं. दुसऱ्या दिवसापासून बैलाच्या खुराकातलं तांब्याभर दूध शालनला मिळू लागलं. सासूबाई कुरकुरायच्या, "आता हिला झूल बी शिवा!" शालन ओठावरची साय पुसत म्हणायची, "शिव की आई, लाल रंगाची!" पहाटे कालव्याच्या रस्त्यानं ती पुढं आणि आण्णा सायकलवर मागं. मुलीचं एवढं कौतुक मी तोवर कुठं बघितलं नव्हतं.

आण्णांची बैलावर नजर फार बारीक. बैलानं पाय जरा जपून टाकला तरी ते ओळखायचे, शेक द्यायचे, ठरलेली शर्यत सोडून द्यायचे. पण मुलीचं एक दुखणं असं की ते आमच्या घरात बापाच्या कानावर जाणंच शक्य नव्हतं. पाळी आली की तीन दिवस बाजूला बसायचं, कशाला शिवायचं नाही, गाव सोडून तर जायचंच नाही. मंचरला कॉलेजांच्या शर्यती होत्या, तिथं निवड झाली तर विद्यापीठाच्या संघात जागा. निघायच्या दिवशी गोठ्यामागं शालननं माझा हात धरला. तोंड पांढरं पडलं होतं.

"वयनी, आईला बोलू नगं. बाजूला बसले तर समदं गेलं."

"आन् दुखतंय ते?"

"पळताना कळत न्हाई."

ती गेली, पळाली, पहिली आली. आण्णांनी तिच्या कपाळाला गुलाल लावला, जिंकलेल्या बैलाला लावतात तसा. सर म्हणाले, कळ सोसतो तोच खेळाडू पुढं जातो. सगळ्यांना ते पटलं, मलाही. कॉलेज संपेपर्यंत तिनं असंच केलं. ओढणी कमरेला घट्ट आवळायची, तोंडावर पाणी मारायचं आणि निघायचं.

मग ती आंबेगाव तालुक्यात, लोणीकडच्या एका शाळेत खेळाची बाई झाली. लग्नही तिकडंच झालं. उपाशी मुलीला ती मैदानात उतरू द्यायची नाही. चतुर्थी धरून आलेल्या मुलीच्या हातात केळं सोलून द्यायची, "गणपतीला मी सांगते, तू खा." डोळ्याची खालची पापणी ओढून रक्त कमी आहे का बघायची. स्वतःचं मात्र... गडद रंगाच्याच साड्या नेसायला लागली तेव्हा मी चेष्टा केली, "मॅडम झालीस म्हून म्हातारे रंग व्हय गं?" तर म्हणाली, "मैदानातली माती दिसत न्हाई."

एक दिवस ती मैदानातच कोसळली. गर्भाशयाचा कॅन्सर निघाला, पार पसरलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इतके महिने अंगावरून जात होतं, कुणाला बोलला नाहीत?" शालन भिंतीकडं बघत राहिली. बाहेर बाकावर बसल्यावर म्हणाली, "वयनी, मला वाटायचं, थोडंच ऱ्हायलंय. एवढं संपलं की थांबंल." मैदानावर ते चालतं, समोर शेवटची रेघ दिसत असते. इथं रेघ कुठं होती...

परवा तिच्या शाळेतलं सामान आणायला गेले होते. मुली मैदानात गोल पळत होत्या, नवीन सर शिकवत होते. एक मुलगी मागं पडली होती, पोटाशी मूठ धरून, ओठ दाबून पळत होती. मी कडेला उभी होते. माझी आपली नेहमीची सवय, पदर ओढून उभं राहायची. ती पुन्हा समोरून गेली तेव्हा मी आत शिरले, तिचा दंड धरला आणि विचारलं, "पाळी आलीय का बाळ?" तिनं मान हलवली. नवीन सर जवळ आले. माझे कान तापले होते, तरी मी त्यांना म्हणाले, "सर, हिची पाळी आहे, पोटात दुखतंय. आज ही पळणार नाही." मुली थांबून बघायला लागल्या. सर खाली बघतच म्हणाले, "बरं काकू. तिला आत न्या."

खेळाच्या सामानाची ती खोली शालनचीच. कोपऱ्यात तिनं आणून ठेवलेली सतरंजी, खिळ्याला दोरीच्या उड्यांच्या दोऱ्या, सगळीकडं मैदान आखायच्या फक्कीचा वास. मी सतरंजी अंथरली. मुलगी भिंतीकडं तोंड करून आडवी झाली, मी तिची कंबर चोळू लागले. बाहेर शिट्टी वाजली तशी ती दचकून उठायला लागली.

"पडून ऱ्हा," मी म्हटलं.

ती पडून राहिली.