सारंगांनी न काढलेली खूण

नसरीनचा फोन आला तेव्हा मी म्हसळ्याच्या एसटी स्टँडवर उभी होते. हातात झेरॉक्सचा गठ्ठा, खांद्याला पिशवी, आणि गाडी नेहमीप्रमाणे बेपत्ता. "मावशी, अब्बा गेले," एवढंच ती म्हणाली. खरं सांगते, मला आधी रागच आला. दुःख मागून आलं. हातातला गठ्ठा युसूफचाचांच्याच वहीचा होता. पुढच्या महिन्यात आम्हाला दोघांना पुन्हा दिल्लीला जायचं होतं, तिकिटं काढून झाली होती, आणि हा माणूस सकाळी चहा पिऊन, खुर्चीत बसल्या बसल्या निघून गेला होता. मला न सांगता त्यांनी केलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट असावी.

युसूफचाचा आमच्या खाडीकाठच्या गावचे. लाँच चालवणाऱ्याला आमच्याकडे सारंग म्हणतात, आणि चाचांनी आगरदांडा ते दिघी ही लाँच इतकी वर्षं चालवली की गावात त्यांना नावाने हाक मारणारी माणसं कमी आणि 'सारंग' म्हणणारी जास्त. मोठी फेरीबोट आली, गाड्याच्या गाड्या पोटात घेऊन जाऊ लागली, तशी चाचांची लाँच किनाऱ्याला लागली. दोन्ही मुलगे आखातात, नसरीन मुरुडला दिलेली. म्हातारपणी माणूस नमाज, नातवंडं आणि कोळंबीचं कालवण यांत रमेल असं सगळ्यांना वाटलं होतं. पण चाचा जाऊन बसले ते गावच्या जुन्या धक्क्यावर.

आता आमच्या गावाचं दुखणं सांगायला हवं. आमची भातशेती खाडीच्या पातळीला, आणि मध्ये उभा मातीचा बांध. तो टिकला तर भात, फुटला तर मिठागर, इतका सरळ हिशेब. पूर्वी उधाण आलं की घरटी एक माणूस चिखलाचं ढेकूळ घेऊन बांधावर हजर असायचा. आता घरटी एक माणूस मुंबईला नाहीतर दुबईला, आणि बांधावर आम्ही बाया. एका उधाणाला बांधाला खांड पडली आणि आमच्यासकट कितीतरी घरांच्या शेतात खारं पाणी शिरलं. पुढची तीन वर्षं त्या मातीत लावलेला दाणा उगवला नाही. मी तेव्हाही सरपंच होते. ज्या ज्या कचेरीत गेले तिथे एकच उत्तर... मातीचा बांध ही शेतीची किरकोळ दुरुस्ती. त्याच सुमारास दिल्लीत नवं विधेयक येत होतं, हवामान बदलतंय तर देशाने कशाकशात गुंतवणूक करायची हे ठरवणारं. त्याच्या यादीत बंदरं होती, रस्ते होते, काँक्रीटच्या भिंती होत्या. मातीचा बांध नव्हता. त्या यादीत एक ओळ वाढली की आमचा बांध पक्का होण्याची वाट मोकळी, नाही वाढली की पुढच्या खांडीची वाट बघत बसायचं. आम्हाला ती एक ओळ हवी होती.

पाणी दरवर्षी वर चढतंय हे आम्ही घसा कोरडा करून सांगत होतो, पण घशाला पुरावा कोण मानतो? पुरावा चाचांकडे होता. दर अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या पुढे भरती पुरी झाली की ते धक्क्याच्या भिंतीवर, पाणी जिथवर आलं तिथे, होडीच्या तळाला लावतात त्या लाल रंगाने रेघ मारायचे आणि शेजारी तारीख लिहायचे. सात-आठ वर्षं हे चाललं होतं. मी एकदा विचारलं, "चाचा, तुमचं इथे गुंठाभर शेत नाही, तुम्हाला एवढी काळजी कसली?" तर माझ्याकडे वेड्याकडे पाहावं तसं पाहिलं. "तुमचाच तांदूळ खातो ना मी? का दर्यात भात पिकतो?"

आणि मग मी घाण केली. संसदेची एक समिती किनारपट्टीच्या दौऱ्यावर निघाली आणि आमच्या गावाला अर्धा तास मिळाला. अर्धा तास! गाव नुसतं उधळलं. कमानी आल्या, नारळ आले, लेझीमचं पथक आलं. दिल्लीची माणसं धक्क्यावर उतरणार, आणि धक्क्याची भिंत ही अशी पोपडे आलेली, काळी-लाल... मी सरपंच, माझी इभ्रत. गवंडी बोलावला, भिंत घासून घेतली, गिलावा केला, वर पांढराशुभ्र रंग आणि त्यावर निळ्या अक्षरांत 'सुस्वागतम्'. त्या पाच-सहा दिवसांत चाचा भाचीच्या लग्नाला श्रीवर्धनला गेले होते. त्या लाल रेघा म्हणजेच आमचा पुरावा, हे माहीत असलेली मी, ती भिंत कुठली हे मात्र साफ विसरले. आजही आठवलं की माझ्यावरच हात उगारावासा वाटतो.

समिती यायच्या सकाळी चाचा परतले. मी तोरण बांधत होते. ते भिंतीपाशी गेले, तिच्यावरून हात फिरवला, बोटाला लागलेला पांढरा रंग पाहिला. मग म्हणाले, "सरपंचबाय, भिंत मात्र झकास रंगवली हाय." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "चाचा, तुम्हाला पाठ आहेत ना सगळ्या? दोन तास आहेत हातात. पुन्हा मारा रेघा." ते नाही म्हणाले. मी हातापाया पडले, ओरडले, गाव बुडेल म्हटलं.

"आता मारीन मी," ते म्हणाले. "ते इचारतील, कदी मारल्या? मंग काय सांगू? आज सकाली, तुमच्यासाठी?"

समिती आली. चाचांनी सरळ सांगितलं, खुणा होत्या, आम्ही त्यांच्यावर रंग दिला. 'आम्ही' म्हणाले, याची मला तेव्हा किंमत नव्हती. पाहुण्यांनी सहानुभूतीने मान हलवली, शहाळी प्यायली आणि गेले. नंतर आम्ही लोकांच्या मोबाइलमधले फोटो धुंडाळले, तर प्रत्येक फोटोत नेमकं भिंतीपुढे कुणीतरी दात काढून उभं! समितीच्या पहिल्या अहवालात आमच्याबद्दल एवढंच आलं की गावाकडे नोंदी नाहीत. मी सहा महिने चाचांशी बोलले नाही. चूक माझी, आणि अबोलाही माझाच.

त्या सहा महिन्यांत ते काय करत होते ते मला तुकड्यातुकड्याने कळलं. दौऱ्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेला ते छिन्नी-हातोडी घेऊन धक्क्यावर गेले आणि माझ्या पांढऱ्याशुभ्र भिंतीत खाच मारली. "आता रंगव किती रंगवायची ती," असा निरोपही नसरीनकडून पाठवला. शिवाय वही घातली. होडी बांधायच्या लोखंडी कड्यापासून पाणी किती खाली राहिलं ते टेपने मोजून लिहायचं. पाणी चढलं तर चढलं, उतरलं तर उतरलं. मध्येच नोंदी अशाही होत्या: 'ताप होता, खूण नाही.' 'नातीचं लग्न, खूण नाही.' बोलणं पुन्हा सुरू झाल्यावर मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो, मागच्यापुढच्याचा अंदाज घेऊन भरून टाका ना!" त्यांनी वही मिटली आणि खिशात घातली.

चार वर्षांनी विधेयक फिरून समितीपुढे आलं आणि हरकती मांडायला आम्हाला दिल्लीला बोलावणं आलं. एवढ्या मोठ्या दालनात चाचा टोपी सारखी करत बसले होते. एका अधिकाऱ्याने वही चाळून म्हटलं, नोंदी तुटक आहेत, मधल्या जागा रिकाम्या आहेत. तेव्हा समितीतल्या मराठी जाणणाऱ्या एका बाईंनी वही मागून घेतली आणि पहिलं पान मोठ्याने वाचलं: 'सरपंचांनी पाहुण्यांसाठी भिंत रंगवली. आधीच्या खुणा गेल्या. आजपासून नव्या.' मग हिंदीत सगळ्यांना अर्थ सांगितला आणि विचारलं, हे सरपंच कोण? धरणी दुभंगावी असं मला झालं. मी हात वर केला. सगळं दालन हसलं, त्याही हसल्या, आणि म्हणाल्या की जो माणूस आपल्याच गावाची चूक पहिल्या पानावर लिहितो, त्याची उरलेली पानं मी खरी धरीन. बाहेर आल्यावर मी चाचांवर तुटून पडले. "माझं नाव कशाला घातलंत?"

"नाव कुटं लिवलाय? सरपंच लिवलाय."

"सरपंच म्हणजे मीच ना!"

"मंग खोटा हाय काय?" म्हणाले, आणि शांतपणे छोले-भटुऱ्यांच्या गाडीकडे वळले.

मातीचे बांध यादीत घ्यावेत अशी शिफारस त्या समितीने केली. शिफारस म्हणजे कायदा नव्हे, हे आता आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. विधेयक अजून मंजूर व्हायचंय, ती ओळ मधल्या मध्ये कुणी खोडू नये म्हणून पुन्हा जायचंय, नव्या नोंदींसह. त्याच नोंदींच्या झेरॉक्स काढायला मी त्या सकाळी म्हसळ्याला गेले होते.

गावात पोचले तोवर चाचांना घुसल, म्हणजे शेवटची अंघोळ, देऊन झालं होतं. दुपारच्या, जोहरच्या नमाजानंतर जनाजा निघाला. पुरुष कब्रस्तानात गेले आणि मी नसरीनला धरून ओसरीवर बसून राहिले. दोघी रडलो, थांबलो, पुन्हा रडलो... संध्याकाळी दिवे लागले तेव्हा दचकून आठवलं की आज अमावास्या, दुपारी भरती येऊन गेली आणि भिंतीकडे कुणी फिरकलंही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर गेले. भिंतीवर ओल होती, पण ती रात्रीच्या भरतीची. दुपारचं पाणी साधारण कुठवर आलं असेल ते मला सांगता आलं असतं. त्यांच्याशेजारी उभी राहून इतकी उधाणं पाहिलीत मी. चाचांच्या घरून आणलेली छिन्नी माझ्या पिशवीत होती, आसपास चिटपाखरू नव्हतं, आणि दिल्लीला जाणाऱ्या वहीत चाचांच्या शेवटच्या दिवसाची जागा रिकामी राहावी हे मला सोसवत नव्हतं.

मी छिन्नी काढली नाही. कड्याशेजारच्या पायरीवर बसून वही उघडली आणि त्यांच्या अक्षराखाली माझ्या अक्षरात लिहिलं: 'अमावास्या. खूण नाही. सारंग गेले. सरपंच रडत बसल्या, पाणी बघायला गेल्या नाहीत.'

पौर्णिमेची खाच मी मारली. दोन घाव चुकले, तिसरा बसला. पुढच्या आठवड्यात वही घेऊन मी आणि नसरीन दिल्लीला निघतोय. तिथे कुणी हे पान मोठ्याने वाचलं आणि विचारलं, हे सरपंच कोण, तर मी हात वर करीन.