बाबांच्या तोंडाजवळचा रिकामा फुगा

अमरावतीला चित्रकलेच्या डिप्लोमाला होते तेव्हा मी दर शनिवारी एका रद्दीच्या दुकानात जायची. जुन्या मासिकांतले फोटो समोर ठेवून हात, पाय, साडीच्या घड्या काढायचा सराव करायचा, त्यासाठी मासिकं लागत. दुकानाचे मालक साठीच्या पुढचे, जाड भिंगाच्या चष्म्याचे. एरवी फार मोकळे. पण एका शनिवारी ढिगाच्या तळातून काळ्यापांढऱ्या चित्रांचं एक जाडजूड पुस्तक निघालं आणि त्यांनी ते माझ्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतलं.

"ते ठेव पोरी. तुह्या कामाचं नाई ते."

"काहून?"

"मोठ्या माणसाईचं कॉमिक हाये म्हणे. ज्यानं टाकलं तो सांगून गेला."

बोलताना त्यांनी नजर रस्त्याकडे वळवली. मला हसू आलं. म्हटलं, मी एकवीस वर्षांची आहे, बघू तरी द्या. मग त्यांनी आधी स्वतःच तपासायचं ठरवलं. माझ्याकडे पाठ करून, पुस्तक छातीशी धरून ते एकेक पान उलटू लागले. बऱ्याच वेळानं गोंधळलेल्या आवाजात म्हणाले, "बाई भांडे घासून राह्यली यात." आणखी एक पान उलटलं. "अजूनबी घासूनच राह्यली." शेवटी पुस्तक माझ्या हातात देत म्हणाले, "घेऊन जाय बाप्पा. यात काईच नाई."

त्या 'काहीच नाही'नं मला वेड लावलं. माझ्या खोलीत राहणारी मैत्रीण सेमाडोहची, वनरक्षकाची मुलगी. आम्ही दोघींनी पलंगावर पालथ्या पडून ते पुस्तक कितीदा पाहिलं असेल! अक्षरं इंग्रजीसारखी, पण भाषा इंग्रजी नव्हती, त्यामुळे शब्दांचा काहीच उपयोग नव्हता. एक बाई भांडी घासते. हात पुसते. खिडकी उघडते, आणि नुसती खिडकी उघडायला चार पानं लागतात. मग आतल्या खोलीत एका म्हाताऱ्याच्या खाटेजवळ बसते. लहानपणी वाचलेल्या कॉमिकांत पिळदार दंडांचे वीर असायचे, बोलणारे प्राणी असायचे, पानापानावर ठोसे आणि धमाके. इथे कोणी कोणाला वाचवत नव्हतं. मैत्रीण म्हणायची, तो म्हातारा तिचा बाप आहे. मी म्हणायची, नवरा. आम्ही यावरून खरोखर भांडलो, एक संध्याकाळ बोललो नाही. उत्तर आजही माहीत नाही.

मग शोध सुरू झाला. अमरावतीच्या पुस्तकांच्या दुकानांत विचारलं की लहान मुलांचा कप्पा दाखवत. नेट कॅफेत बसून कळलं की पुण्यात, बंगलोरात, कोलकात्यात काही मंडळी स्वतःच अशा चित्रकथा काढतात, झेरॉक्स करतात आणि पिना मारून एकमेकांना पोस्टानं पाठवतात. प्रकाशक नाही, दुकान नाही. पुण्याच्या एका बाईंना आम्ही पत्र लिहिलं. पंधरा दिवसांनी जाडसर पाकीट आलं. त्यात दोन पुस्तिका होत्या. एकीत ऑफिसातला कारकून जेवणाच्या सुट्टीत एकटाच डबा खातो, एवढंच. दुसरी एका बाईची, तिचं मूल पोटातच गेलं त्याची. ती मी पोस्टाच्या पायऱ्यांवर बसून वाचली आणि उठवेना. सोबत चिठ्ठी होती: 'आमच्याकडे विकत काही नसतं. आता तुमचं पाठवा.'

माझं काय पाठवणार? माझ्यापाशी घर होतं.

आमचं गाव बार्शीटाकळीजवळ. आम्ही फुलवाले. दीड एकरात झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध, आणि अकोल्याच्या बाजारात आमची बसायची जागा. आई हार गुंफायची, बाबा ओरडायचे. बाबांचा आवाज अख्ख्या बाजारात ओळखीचा होता. आजूबाजूचे म्हणायचे, तुमचा माणूस आला नाही तर बाजार भरल्यासारखा वाटत नाही. मी डिप्लोमाला आले त्याच वर्षी त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, आणि आवाज गेला. समजत सगळं होतं, पण तोंडातून शब्दाऐवजी नुसता घोगरा 'आं' निघायचा. कोणीतरी पाटी-पेन्सिल आणून दिली, डाव्या हातानं लिहा म्हणून. त्यांनी ती अंगणात भिरकावली. लहान पोरासारखं पाटी गिरवणं त्यांना सोसलं नसावं. त्यानंतर दीड वर्ष ते खाटेवर बसून दाराबाहेर बघत राहिले.

तेच काढलं मी. बारा पानं. आई सुई ओवते, आई बाबांचे ओठ पुसते, आई घास भरवते आणि बाबा तोंड फिरवतात. आईच्या बोलण्याचे फुगे पानभर, कारण ती थांबतच नसे. बाबांच्या तोंडाजवळ मी एकेक फुगा काढला आणि रिकामा ठेवला. काय लिहावं ते मला खरंच कळत नव्हतं.

जानेवारीत घरी गेले तेव्हा ती पानं सोबत नेली. आईला दाखवत होते. चार-दोन पानं पाहून ती म्हणाली, "मह्या हातात सहाच बांगड्या काढल्या वं तू. आठ हायेत." तिचं लक्ष कायम अशा गोष्टीवर. तेवढ्यात खाटेवरून 'आं' ऐकू आलं. बाबांनी डावा हात पुढे केला होता. मी घाबरले. त्यांचं वाकडं तोंड, ओघळणारी लाळ, सगळं काढलं होतं मी. पानं त्यांच्या मांडीवर ठेवली आणि भिंतीला टेकून उभी राहिले.

त्यांनी सावकाश सगळी पानं पाहिली. मग घास भरवायच्या पानावर परत आले. रिकाम्या फुग्यावर बोट ठेवलं आणि माझ्या कानावर खोचलेल्या पेन्सिलीकडे पाहिलं. मी पेन्सिल दिली. डाव्या मुठीत ती धरून, कपाळावर शिरा तटतटेपर्यंत जोर लावून त्यांनी दोन अक्षरं काढली. ती फुग्याच्या बाहेर गेली, एकमेकांवर चढली. आईनं आणि मी डोकं जवळ नेऊन वाचली.

मीठ.

डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं तर आईनं ते जवळजवळ बंदच केलं होतं. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अवो, म्हणजे दीड वर्षापासून तुमी तोंड वाकडं करून राह्यले ते अळणी वरणापायी? मले वाटलं मह्यावर राग हाये!" आणि ती हसायला लागली. बाबांच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला. ते हसत होते. मग आई हसता हसता पदरात तोंड घालून रडायला लागली, आणि मी बाहेर विहिरीपाशी जाऊन उभी राहिले.

त्यानंतर दर पंधरवड्याला मी अमरावतीहून एसटीनं नवी पानं घेऊन यायची. मूर्तिजापूरपर्यंत बसायला जागा मिळाली तर मांडीवर पाट ठेवून रेघा पक्क्या करायची. बाबा फुगे भरायचे. कधी एकच शब्द, कधी पूर्ण ओळ. एका चित्रात शेजारी भेटायला येऊन 'बरं वाटते का?' विचारतात. बाबांनी लिहिलं, 'जा आता.' एका पानावर आई एकटीच बाजारात बसली होती. त्या चित्रात बाबा नव्हतेच, तरी कोपऱ्यात त्यांनी स्वतःच एक फुगा काढला आणि लिहिलं, 'भाव कमी नको सांगू.'

चाळीस प्रती झेरॉक्स केल्या. मी स्टेपलर आणला होता. आईनं पिना पाहून नाक मुरडलं. "जंगून जाईन ते," म्हणाली आणि हाराच्या सुईदोऱ्यानं चाळीसच्या चाळीस प्रती दुपारभर बसून शिवल्या. पुण्याच्या बाईंनी नंतर कळवलं, पुस्तिकेला झेंडूचा वास येतोय.

सगळ्यांना ती आवडली असं नाही. काकाजी म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. बाजारात कोणीतरी त्यांना प्रत दाखवली. ते तडक घरी आले. "बापाची लाळ काढून गावाले दाखवतं? हे शिकवते का तुले अमरावतीले?" हाच प्रश्न मी स्वतःलाही विचारला होता. बाबांनी हातानंच खूण करून प्रत मागितली, मागच्या कोऱ्या पानावर खूप वेळ काहीतरी लिहिलं आणि काकाजींच्या पुढे धरलं. 'मी सांगतलं तिले.' काकाजी ते वाचून निघून गेले. दोन वर्षं ते आमच्या दारावरून जाताना मान वळवत नव्हते.

बाबा त्यानंतर सहा वर्षं जगले. एकूण पाच पुस्तिका झाल्या. त्यांच्या तेरवीनंतर काही दिवसांनी काकाजी आले, ओट्यावर बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक पुस्तक देतं का मले? भाऊचा एकबी फोटो नाई त्या दिवसातला." खरंच नव्हता. फोन प्रत्येकाकडे होते, पण आजारी माणसाचा फोटो कोण काढतो? आणि कोणी काढायला लागलं की बाबा भिंतीकडे तोंड करत. मी पाचही पुस्तिका दिल्या. त्यांनी त्या रुमालात गुंडाळल्या आणि सायकलच्या हँडलला अडकवून नेल्या.

आता मी अमरावतीतच एका शाळेत चित्रकला शिकवते. माझ्या कपाटात देशभरातून आलेल्या अशा पुस्तिकांचे तीन खण भरलेत. हल्ली मुलं मोबाईलवरच चित्रकथा काढतात आणि क्षणात हजार लोकांना दाखवतात. चांगली असतात, मी वाचते. पण पाकिटाची वाट बघण्यातला आनंद, झेरॉक्समधून नुकत्याच निघालेल्या गरम कागदांचा गठ्ठा पोटाशी धरून रस्ता ओलांडण्यातला आनंद मला त्यांना समजावून सांगता येत नाही.

आई आता माझ्याकडे असते. तिला अक्षर वाचायला वेळ लागतो, पण चित्र तिच्या नजरेतून सुटत नाही. गेल्या महिन्यात एका मुलीची नवी पुस्तिका आली. लहानपणीच्या घराची आठवण, फार नाजूक रेघ. माझी पाहून झाली होती. आईनं चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिली आणि विचारलं, "इची माय कुठं गेली वं? एकाबी चित्रात नाई."

मी परत पहिल्या पानापासून पाहिलं. खरंच नव्हती. मी त्या मुलीला तसं लिहून कळवलं, जरा भीतभीतच. तिचं उत्तर आलं: हे आजवर कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. कोणी पाहिलं, असं तिनं विचारलं होतं.

मी आईला वाचून दाखवलं. ती शेंगा फोडत होती. "सांग तिले," ती म्हणाली, "फुलवालीनं पाह्यलं."