घाईने निवलेले पाइप

आत्या रागावली की आवाज चढवत नाही. चष्मा काढते आणि समोरच्याकडे बघते, जणू तो माणूस नीट दिसण्याच्या लायकीचाच नाही. त्या गुरुवारी सकाळी ती दुकानात शिरली तेव्हा चष्मा आधीच तिच्या हातात होता. बाबांनी तिला पाहिलं आणि काउंटर पुसायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता.

"किती गेले?"

"बस तरी, ताई. पाणी देऊ?"

"सव्वीस होते. किती गेले?"

"सात."

"आणि त्यातला एक त्या पाट्या रंगवणाऱ्याच्या तोंडात फुटला."

"तोंडात नाही गं. ओठाला लागलं जरासं. दोन टाके."

"ओठ तोंडालाच असतो ना तुझ्या माहितीप्रमाणे?"

बाबांनी फडकं पिळलं. ते कोरडंच होतं.

आत्या काच फुंकते. बावीस वर्षं तिने एका कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी नळ्या, चंबू आणि आतल्या आत वेटोळी घेणारी भांडी बनवली. मग सगळं तयार, खोक्यातून यायला लागलं. तिच्या खोलीत जुन्या खुर्च्या रचल्या गेल्या आणि तिला एक शाल मिळाली. शाल तिने कधी पांघरली नाही. बर्नर मात्र ती घरी घेऊन आली आणि मागच्या खोलीत बसवला. बाबांचं दुकान तंबाखू, लायटर, सिगारेट असल्या वस्तूंचं. "ताई, काचेचे छोटे पाइप करून बघ, लोक विचारतात," असं तेच म्हणाले होते. आत्याने आयुष्यात एक झुरका घेतलेला नाही. तरी तिने केले, आणि असे केले की लोक पाइपच्या तळाशी असलेला तिचा निळा ठिपका बघून घ्यायला लागले.

गिऱ्हाइकाने पाइप कसा निवडावा यावरही तिची मतं ठाम होती. रंगाला भुलू नये. तंबाखू भरायच्या वाटीची भिंत जाड हवी, कारण आच तिथे लागते. टेबलावर ठेवल्यावर गडगडू नये. तोंडाचा काठ जिभेने नाही, नखाने तपासावा. नख अडकलं तर ठेवून द्यावा. आणि सगळ्यात आधी तो मुठीत धरून उगाच चार पावलं चालून बघावं. "चप्पल नाही का चालून बघत?" ती म्हणायची. घेतल्यावरच्या सूचना वेगळ्या. गरम पाइप गार पाण्याखाली धरायचा नाही. राख काढायला दगडावर, भिंतीवर, गाडीच्या चाकावर आपटायचा नाही. आठवड्याने जाड मीठ आणि स्पिरिट घालून हलवायचा, कोमट पाण्याने धुवायचा, उलटा सुकवायचा. खिशात किल्ल्यांबरोबर ठेवायचा नाही. कोणी हसलं तर ती म्हणायची, "ओढायचं त्याने खुशाल ओढावं. फुप्फुसं तुमची. ओठ माझ्या काचेने कापायचा नाही."

या सगळ्याच्या मुळाशी निववणं होतं. ज्योतीवरून उतरलेली काच बाहेरून लगेच घट्ट होते, आतून मात्र अजून मऊ असते. तशीच गार झाली तर आतलं आणि बाहेरचं एकमेकांना ओढत राहतं. दिसत काही नाही. म्हणून आत्या पाइप पुन्हा छोट्या विजेच्या भट्टीत ठेवते, सगळे एकसारखे तापू देते आणि मग आठ तास हळूहळू उतरवते. त्या आठ तासांत भट्टीच्या दाराला कोणी हात लावायचा नाही, हा आमच्या घरातला एकमेव कायदा. बाकी सगळ्या गोष्टींवर वाद चालतो.

सोमवारी तिची दाढ काढायची होती. भट्टी लावून ती दवाखान्यात गेली. त्याच दुपारी बाबांकडे दोन गिऱ्हाइकं पाइपसाठी येऊन बसली. बाबा घरी आले, भट्टी बंद केली आणि दार किलकिलं राहावं म्हणून फटीत वीट लावून ठेवली. दोन तासांत पाइपचा हाताला चटका बसेनासा झाला. झाले गार, म्हणून त्यांनी ते उचलले. आत्या गालाला रुमाल लावून परतली तेव्हा ते म्हणाले, "निवले गं, मी नेले." तिने मान हलवली, कारण तिला तोंड उघडता येत नव्हतं. तिला वाटलं, आठ तासांनंतरच काढले असतील. तिचा भाऊ या घरात राहून इतकं तरी शिकला असेल, असं तिने धरलं. या चुकीसाठी तिने स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

"उरलेले एकोणीस काढ," आत्या म्हणाली.

"सगळे कशाला? एखादाच तसा निघतो. काच आहे, फुटायचीच."

आत्याने पिशवीतून दोन काळपट पट्ट्या काढल्या, लाकडी चौकटीत बसवलेल्या. प्रयोगशाळेतून ती शाल आणि बर्नर सोडून आणखी काय घेऊन आली असेल, तर हे. एकीमागे एक धरून दिव्याकडे बघितलं की अंधार दिसतो. मध्ये नीट निवलेली काच धरली तरी अंधारच. पण काचेत ताण असेल तर तो उजळून दिसतो. तिने एक पाइप मध्ये धरला. वाटीभोवती पिवळा, जांभळा, निळा असे पट्टे पेटले.

बाबा वाकून बघायला लागले. त्यांनी या पट्ट्यांतून याआधी कधी पाहिलं नव्हतं. "अरे वा," ते म्हणाले, "हे तर चांगल्यापेक्षा छान दिसतात."

मला वाटलं, आता ती मारणार.

तेवढ्यात दुकानात उभा असलेला एक गिटार शिकवणारा पुढे आला. "बघू? मला हाच द्या. असा रंगीत कुठे बघितला नव्हता."

"तो रंग पाइपचा नाही," आत्या म्हणाली. "तो फुटण्याचा आहे."

"पण फुटलेला तर नाहीये."

काउंटरमागे चहाच्या पाण्याची किटली वाफ सोडत होती. आत्याने पाइप बशीत ठेवला आणि वाटीत उकळतं पाणी ओतलं. टक् असा आवाज झाला, बोट मोडल्यासारखा, आणि पाइप मानेपाशी दोन तुकडे होऊन बशीत पडला. गिटारवाला मागे सरकला.

"आता दुसरा," ती म्हणाली. तोही पट्ट्यांमध्ये पेटलेला होता. पाणी ओतलं. काही झालं नाही. आणखी ओतलं. पाइप तसाच बसून राहिला, वाफाळत.

बाबांचा चेहरा उजळला. "बघ. म्हणजे हा ठीक आहे. उगाच सगळ्यांना—"

"हाच," आत्या म्हणाली. तिचा आवाज इतका खाली आला होता की गिटारवाल्याला पुढे वाकावं लागलं. "जो आत्ता फुटला तो निदान खरं बोलला. हा उद्या फुटेल, नाहीतर पुढच्या महिन्यात, कुणाच्या तरी दातांत. आणि खाली माझा ठिपका असेल. तुझं नाव कुठेच नसेल, बाळ्या."

बाबांना चारचौघांत बाळ्या म्हटलेलं आवडत नाही. त्यांनी गिटारवाल्याकडे पाहिलं, मग खोकं काढलं आणि एकेक पाइप कागदात गुंडाळायला लागले. गिटारवाला चांगला होता बिचारा. त्याने न सांगता कागद फाडून दिले.

विकलेल्यांपैकी फुटलेला एक सोडला तर सहा बाहेर होते. गिऱ्हाइकं नेहमीची, त्यामुळे बाबांना घरं माहीत होती. आत्याने त्यांना सोबत येऊ दिलं नाही, फक्त पत्ते लिहून घेतले. मला नेलं, पिशवी धरायला. दोन दिवसांत पाच परत मिळाले. एका बाईने तिच्या नवऱ्याचा पाइप चिमट्याने धरून दिला आणि "एवढंच ना? तंबाखूपण घेऊन जा," म्हणाली. सहावा घड्याळं दुरुस्त करणाऱ्याकडे होता, आणि तो देईना.

"माझा काही फुटला नाही," तो भिंगातून डोळा न काढता म्हणाला.

"अजून."

"हाताला बसलाय हो, बाई. इतक्या वर्षांत पहिला बसलाय."

"दुसरा देते. अगदी असाच."

"असाच नसतो. तुम्हीच सांगता, चालून बघा. मी चालून बघूनच घेतलाय."

तिचेच शब्द. आत्या स्टुलावर बसली. भिंतीवरची पंधरा-वीस घड्याळं पंधरा-वीस वेगवेगळ्या वेळा दाखवत होती. थोड्या वेळाने त्याने खरंच पाइप भरला, पेटवला आणि ओठांकडे नेला. आत्या उठली आणि तिने त्याच्या हातातून तो तापलेल्या वाटीला धरूनच काढून घेतला.

"अहो, पोळेल."

"पोळू दे."

तीस वर्षं ज्योतीपाशी काढलेली बोटं ती. तरी तिचा जबडा आवळलेला मला दिसला. घड्याळवाल्याने भिंग काढलं. तो चिडला होता, पण त्याची नजर तिच्या बोटांवर गेली. "परत हाच द्याल ना?" त्याने शेवटी विचारलं. "हाच देईन," आत्या म्हणाली. "नीट निववून."

कारण ताण परत काढता येतो. काच पुन्हा तापवायची आणि या वेळी घाई करायची नाही. शनिवारी संध्याकाळी आम्ही वापरलेले सहा पाइप मीठ-स्पिरिटने धुतले, काड्यांना कापूस लावून नळीतला काळा चिकटा काढला. रविवारी सकाळी चोवीसही पाइप भट्टीत गेले.

नऊच्या सुमारास बाबा मागच्या खोलीत आले. "चुकलं, ताई."

"मला नको सांगूस. पाट्यावाल्याला सांग."

ते गेले. दुपारी परत आले तेव्हा त्यांच्या शर्टाला पांढरा रंग लागला होता. ते दाराशीच थांबले. "तो ब्रश ओठांत धरून शिडी चढायचा," ते म्हणाले. "आता एका हाताने चढतोय. मी शिडी धरून उभा होतो."

भट्टीवरचा आकडा तीनशे दहा होता. बाबांनी पाट खाली ओढला आणि भट्टीसमोर बसले. तिने त्यांना बस म्हटलं नाही, ऊठही म्हटलं नाही. ती दुसरीकडे तोंड करून नळ्या मापत राहिली.

"आता उघडू?" दोनशे चाळीसला बाबांनी विचारलं.

"नको."

एकशे ऐंशीला त्यांनी पुन्हा विचारलं. तिने नळीवर पुढची खूण केली. मग त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि आकड्याकडे बघत राहिले.