संबोधीच्या बाबांचा भोंगा

आमच्या ह्यांच्या हातात जादू आहे, असं अख्खी चाळ म्हणायची. मी म्हणायचे, जादू आहे हो, पण अक्कल कुठून आणायची? तोंड माझं पहिल्यापासून असंच आहे.

हे म्हणजे आमच्या संबोधीचे बाबा, दगडू. घेतलं नाव, काय आकाश कोसळलं? सासरे महूला फौजेत होते. मुलानं पलटणीत जावं म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं, आणि मुलगा छावणीच्या भिंतींवर कोळशानं हत्ती काढत फिरायचा. शेवटी हे इंदूरला कापड मिलमध्ये लागले, मागांच्या खात्यात. पण जीव सगळा झाँकीत. अनंत चतुर्दशीला इंदूरची प्रत्येक मिल आपली झाँकी काढते. ट्रॉलीवर डोंगर, राजवाडे, राक्षस, सगळं हलतं-बोलतं. आमच्या मिलची झाँकी हे उभी करायचे. बांबू, तरट, कागदाचा लगदा, बस्स. त्यांच्या जोडीला मिलमधलेच तुकोजी. ह्यांनी राक्षस करायचा आणि तुकोजींनी मोटर बसवून त्याचे डोळे फिरवायचे. दोघं भांडायचे असे की वाटावं, आता झाँकी राहते बाजूला आणि डोकी फुटतात. मग एका बिडीत समेट.

एक्याण्णवला मिल बंद झाली. भोंगा थांबला. टीव्हीवर रोज सांगायचे, देश खुला झाला, बाहेरच्या कंपन्या येतायत. आमच्या चाळीला वाटलं, एखादी इकडेही वळेल. पण दोन वर्षांत काही कुणी वळलं नाही. गणपतीला मात्र माणसांनी दारोदार वर्गणी मागून झाँकी काढलीच. मिल बंद, झाँकी चालू. ह्याला काय म्हणायचं सांगा!

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात मुंबईहून सिनेमावाले आले. त्यांना चालू मिल दाखवायची होती. झाँकीचं काम बघून त्यांनी ह्यांनाच सेट सांगितला. डायरेक्टर म्हणाला, "पडद्यावर तुमचं नाव येईल. पण एक शर्त. बाहेर कुणाला कळता कामा नये, मला गर्दी नको."

नाव! बावीस वर्षं झाँक्या केल्या, पाटीवर नाव मिलचं. नंबर आला, तर हार मॅनेजरच्या गळ्यात. घरी येऊन हे पोरासारखे म्हणाले, "प्रभा, पडद्यावर येणार. इतकं मोठं." हातानं दाखवलं. मीही भुलले, खोटं कशाला बोलू?

महिनाभर हे बंद फाटकाच्या आत. काच बसवली, मागांना तेल दिलं, फाटक हिरवं रंगवलं. बाहेर चाळीत कुजबुज, नवा मालक आला म्हणे. तुकोजी रोज विचारायचे, "दगडू भिया, चालू होतेय का रे?" इंदुरात भाऊला भियाच म्हणतात. हे म्हणायचे, "बघू." नळावर सुमननं, तुकोजींच्या बायकोनं, मला विचारलं, "वहिनी, तुम्हाला तरी ठाऊक असेल." मी बादली उचलली आणि म्हटलं, "मला काय ठाऊक, बाई." 

शूटिंगच्या दिवशी हद्द झाली. डायरेक्टर आधीपासून सांगत होता, भोंग्याचा आवाज मुंबईत मागाहून टाकू. हे ऐकतात होय! "भोंग्याशिवाय मिल कशी?" म्हणून चार दिवस खपून जुना भोंगा दुरुस्त केला. मी म्हटलं, "अहो, माणसं बाहेर आहेत." तर म्हणे, "झाँकीतल्या राक्षसाला कुणी खरं मानतं का? आपली माणसं आहेत, त्यांना सेट कळतो."

सकाळी सातला भोंगा वाजला. चिमणीतून धूरही निघाला, तोही ह्यांनीच ओला भुसा जाळून काढलेला. आणि चाळ उठली हो! कुणाच्या गालाला साबण, कुणाचा एकच बूट. म्हाताऱ्या रडायला लागल्या. सुमन धावत माझ्या दारात आली, "वहिनी, थोडी चटणी द्या, डब्यात नुसत्या पोळ्या घातल्यात!" मी दिली. मी मेलीनं चटणी दिली! तेव्हा तरी सांगायचं होतं.

तिच्या मागोमाग मी फाटकापर्यंत गेले. तुकोजी सगळ्यांच्या पुढे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात डबा. दोन वर्षं जपून ठेवलेला हजेरीचा पितळी बिल्ला त्यांनी वॉचमनला दिला. वॉचमन सिनेमातला नट. त्यानं सलाम ठोकून बिल्ला घेतला. कॅमेरा चालू. डायरेक्टरनं थांबवलं नाही, उलट हात हलवून म्हणत होता, चालू ठेवा, चालू ठेवा. तुकोजी हसत हसत आत गेले, मागोमाग मी. समोर मागांपाशी आमचे हे.

"दगडू भिया, कोणत्या खात्यात जाऊ?"

ह्यांनी आधी कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुकोजी... शूटिंग आहे."

तुकोजी रागावले नाहीत. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, मागांवर हात फिरवला, म्हणाले, "तेल बरं दिलंयस." आणि डबा घेऊन परत फिरले. बिल्ला तिथेच राहिला. संध्याकाळी हे तो द्यायला गेले, तर तुकोजी दारातूनच म्हणाले, "राहू दे. सेटला लागेल."

पुढच्या गणपतीत कुणी ह्यांना नको म्हटलं नाही. फक्त बोलवायला कुणी आलं नाही. झाँकी निघाली, तेव्हा हे रस्त्याच्या कडेला उभे. राक्षसाचे डोळे फिरत नव्हते. तुकोजींनीही अंथरूण धरलं होतं. दिवाळीपूर्वी ते गेले. डॉक्टरनं काहीतरी नाव सांगितलं आजाराचं, मी काही ते लक्षात ठेवलं नाही.

सिनेमा लागला तेव्हा सुमन स्वतःहून दारात आली. म्हणाली, "वहिनी, मला न्या. ते दिसतायत म्हणे."

दुपारच्या खेळाला आम्ही तिघं. डायरेक्टरनं तो तुकडा ठेवला होता. भोंगा वाजला, फाटक उघडलं आणि भल्या मोठ्या पडद्यावर तुकोजी हसत आले, डबा हलवत. त्यात माझी चटणी होती. सुमन खुर्चीतून अर्धी उठली आणि ह्यांचा दंड धरून म्हणाली, "भाऊजी, तुम्ही बनवलंय ना हे? इथंच थांबवता नाही का येत?"

पडद्यावर पुढचं सुरू झालं होतं. ती तोंडाला पदर लावून बाहेर गेली, तिच्या मागे हे. मी बसून राहिले. 

शेवटी नावं आली. ह्यांचं आलं, एकदम शुद्ध, इतकं मोठं. मी बाहेर आले तर हे पायरीवर बसलेले, मुठीत तो बिल्ला. नाव आलं का म्हणून त्यांनी विचारलं नाही. आजवर विचारलेलं नाही, आणि मीही सांगितलेलं नाही.