चकचकीत कागद

डब्यातल्या पोळ्या काढून मी फॉइल चुरगळायला लागलो की समोरून तळहात यायचा. "फेकू नका सर, मले द्या." बाई तो गोळा मांडीवर ठेवून नखानं सपाट करायच्या आणि गप्पा मारता मारता त्याच्या पट्ट्या कापायच्या.

आमच्या बालाघाटच्या शाळेत त्या अतिथी शिक्षिका होत्या. सत्रापुरत्या. पुढल्या जुलैत बोलवायचं की नाही ते प्राचार्य ठरवणार. किरनापुरहून बसनं येत. मी विज्ञानाचा कायम शिक्षक. हे आधीच सांगतो, म्हणजे माझं काहीच जाणार नव्हतं हे तुमच्या लक्षात राहील.

पुठ्ठ्याचे दोन तुकडे, दोन्हींना आतून फॉइल, मधे भोक पाडलेला स्पंज. दाबलं की फॉइलला फॉइल टेकते, दिवा लागतो. असले स्विच त्या पोरांकडून करून घेत. पण पोराला देण्याआधी प्रत्येक स्विच स्वतः दाबून पाहत. "पहिले मी फसते," म्हणत, "मंग तू."

सातवीत एक मुलगी होती. तिचे हात थरथरायचे, शब्द तोंडातच अडकायचा. वेळ जातो म्हणून मी तिला प्रश्नच विचारत नसे. बाईंनी तिच्यासाठी ताटाएवढा स्विच केला. उत्तर येत असेल तर तिनं मूठ टेकवायची. दिवा लागला की तिचं बोलून होईपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. पहिल्या दिवशी तिनं सतरा वेळा दिवा लावला. उत्तरं चारच येत होती.

प्राचार्य मला म्हणाले, मॅडमकडून शिका काहीतरी. स्टाफरूम हसली. मीही हसलो.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाच्या सकाळी बसच्या गर्दीत त्या ताटाएवढ्या स्विचची फॉइल फाटली. बाई धावत माझ्याकडे आल्या. माझ्या पिशवीत डबा होता, फॉइलसकट. मी ड्रॉवरमधलं चिप्सचं रिकामं पाकीट काढलं. आतून चांदीसारखं चकचकीत, पण वर प्लास्टिकचा पातळ थर; त्यातून वीज जात नाही. हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो. तुम्ही पोरीला तयार करा, मी लावतो म्हणालो, आणि छापील बाजू खाली करून चिकटवलं. बाईंनी दाबून पाहायला हात पुढे केला.

"डिंक ओला आहे," मी म्हणालो. "आता हात नका लावू."

प्रदर्शन बघायला आलेल्या शिक्षण खात्याच्या साहेबांनी पृथ्वीचा उपग्रह विचारला. मुलीनं मूठ टेकवली. दिवा लागला नाही. पुन्हा टेकवली. मग दोन्ही मुठी, मग कोपर. कोणीतरी हसलं. ती दाबतच राहिली. शेवटी बाईंनी स्विच तिच्या हाताखालून काढला, कडेनं उचकटून आत पाहिलं. साहेबांना म्हणाल्या, माझं चुकलं, तपासायला हवं होतं.

नंतर प्राचार्यांनी बाईंबद्दल माझं मत विचारलं. पाया कच्चा आहे, मी म्हणालो. जुलैत बाईंना बोलावणं गेलं नाही.

परवा, सात वर्षांनी, किरनापुरच्या एका कापड दुकानात त्या कापड मोजताना दिसल्या. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबलो आणि सगळं सांगून टाकलं. घड्या घालत त्यांनी ऐकलं.

"मले तवाच समजलं होतं. नखानं खरवडलं तं प्लास्टिक निघालं."

"मग बोलल्या काहून नाही?"

"तिले पुढं तुमच्याच वर्गात बसायचं होतं, सर."

मग त्यांनी विचारलं, "देत होती का उत्तरं, मंग?"

"हौ," मी म्हणालो.

बाई गेल्या त्या वर्षीच्या दिवाळीनंतर ती शाळेत आलीच नव्हती.